चौदा आणि सत्तावीस

स्मरणशक्तीची चाचणी करायची होती ती आजोबांची. बाई गेल्या त्या गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणून.

आजोबा त्र्याण्णव वर्षांचे. एका ओतशाळेत लाकडी साचे करण्यात त्यांची हयात गेली. साचा बरोबर तर ओतलेलं लोखंड बरोबर, त्यामुळे साच्यात सूतभरसुद्धा फरक चालायचा नाही. दुसऱ्याचं काम हातात घ्यायचं, एक डोळा बारीक करायचा आणि "सूतभर कमी आहे" म्हणायचं, ही त्यांची खोडच होती. कारखान्यात त्यांचं नाव सूतभर पडलं आणि ते त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. बाई एक्याण्णव वर्षांच्या. पस्तीस वर्षं गणित शिकवून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळी वस्ती त्यांना बाई म्हणे, आणि लग्नानंतर वर्षभरात आजोबाही बाईच म्हणायला लागले. "घरात छडी कुणाच्या हातात आहे ते एकदा ठरलेलं बरं," असं ते चारचौघांत सांगत, आणि बाई "अहो, पुरे," म्हणून हसू दाबत.

तीन वर्षांपूर्वी बाईंचं बिनसायला लागलं. आधी बारीकसारीकच. चहा पिऊन कप विसळून झाले की पुन्हा चहाचं आधण. मग एकदा दुधाचं पातेलं करपून त्याचा कोळसा झाला. मग नळ चालू राहिला आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली. एका सकाळी आजोबांनी पाहिलं तर बाई चपला घालून, पर्स खांद्याला लावून दाराशी उभ्या.

"पहिला तास माझा आहे," त्या म्हणाल्या.

नोकरी सुटून तेव्हा तीस वर्षं झाली होती. आजोबांनी वाद घातला नाही. "आज सुट्टी आहे," म्हणाले आणि पर्स खुंटीला लावून टाकली.

त्याच आठवड्यात दुपारची भांडी पुसता पुसता बाई मध्येच थांबल्या. त्या वेळी त्यांची नजर अगदी स्वच्छ होती.

"अहो, माझं डोकं जातंय."

"कुठे जातंय? जागच्या जागी आहे."

"चेष्टा नको. मला कळतंय ते. लेकीला सांगू नका. सांगितलंत तर ती मला कुठेतरी नेऊन ठेवेल. माझ्या हाताखालून गेलेली पोरं भेटायला येतील आणि मला त्यांची नावं आठवायची नाहीत."

"नाही सांगत."

"वचन?"

"वचन."

आजोबांनी ते वचन असं पाळलं की त्यातच त्यांचा घात झाला. पातेलं करपलं की ते म्हणत, मी ठेवलं होतं, विसरलो. नळ चालू राहिला, मीच ठेवला. औषधाची पट्टी दोन दिवसांत संपली, मीच दुप्पट घेतलं. लेक साठीला टेकलेली, नोकरीची शेवटची दोन वर्षं, ऑफिस सांभाळून दर रविवारी यायची. दर रविवारी बापाचा एक नवा गुन्हा कबुलीसकट समोर. त्यात आजोबांना ऐकू कमी यायचं. विचारलं एक की उत्तर भलतंच. आई मात्र ताठ बसून शेजारपाजारची चौकशी करायची, नातवंडांच्या परीक्षांच्या तारखा विचारायची. त्याच तारखा ती तासाभरात तीनदा विचारते, हे लेकीला दिसत नसे, कारण ती तासभर सलग बसतच नसे.

शेवटी गॅसची शेगडी अर्धा दिवस तशीच पेटलेली राहिली. आजोबा सवयीने म्हणाले, "माझ्याच हातून राहिली." आणि लेकीने चाचणीचा दिवस ठरवून टाकला.

तो दवाखाना म्हाताऱ्यांसाठीचा. लिफ्टने वर जायचं, लांब बोळ, भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टोकाला एक खोली. चाचणी घेणारीला तिथे येणारे म्हातारे मार्कवाली म्हणायचे. चाळिशीची, थकलेली, आवाज बारीक. टेबलावर कागद, पेन्सिल, सेकंद मोजायचं घड्याळ. छताला पंखा घरघरत होता आणि बाहेर कुणीतरी भिंत फोडत होतं. आजोबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात सुरुवात. कान तर काय, ओतशाळेतच ठेवून आलेले.

"आपण कितव्या मजल्यावर आहोत?" मार्कवालीने विचारलं.

आजोबांनी विचार केला. लिफ्टमध्ये दोनचं बटण दाबलं होतं, पण तळमजल्याखाली गाड्यांचा आणखी एक मजला होता, तो त्यांनी येताना पाहिला होता. "जमिनीपासून दुसरा, पायापासून तिसरा. तिसरा धरा," ते म्हणाले. मार्कवालीने शून्य मांडलं.

"आता मी पाच शब्द सांगते. लक्षात ठेवा. थोड्या वेळाने परत विचारीन. नदी, बटण, लिंबू, शिडी, निळा."

"गादी, बटण, लिंबू, बिडी, निळा," आजोबा म्हणाले. बिडी कशाला असेल असं त्यांना वाटलं खरं, पण परीक्षेत कुणी कारण विचारत नाही.

मार्कवालीने शब्द पुन्हा सांगितले, या वेळी मोठ्याने. मोठ्याने बोललं की तिचा आवाज आणखी चिरका व्हायचा. आजोबांना पुन्हा गादी आणि बिडीच ऐकू आली.

"शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून परत सात. असं करत चला."

आजोबांनी ऐकलं साठ. "चाळीस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पुढे नाही हो जात."

कागदावर एक ठोकळा काढलेला होता, तसाच शेजारी काढायला सांगितलं. इथे मात्र आजोबा खूश झाले. त्यांनी समोरून एक चौकोन काढला, वरून एक, बाजूने एक, तिन्ही एका ओळीत, कडा कडेला जुळवून. कारखान्यात ठोकळा असाच काढायचा असतो. बाकी चित्र म्हणजे पोरखेळ. मार्कवालीने तिथेही शून्य दिलं. नमुन्यात एकच आकृती होती आणि यांच्या तीन झाल्या.

शेवटी तिने पाच शब्द विचारले. आजोबांनी एका दमात सांगितले: गादी, बटण, लिंबू, बिडी, निळा. एकही शब्द न सांडता, आणि त्याच क्रमाने. तिने पाचापैकी तीन मार्क दिले. त्या सकाळचा हा तिचा नववा माणूस होता, आणि बाहेर अजून तीन बसले होते.

तीसपैकी चौदा.

नंतर लेक म्हणाली, आलोच आहोत तर आईचीही करून घ्या. बाई आत गेल्या आणि खुर्चीत नीट बसल्या. आयुष्यभर त्यांनी हेच केलेलं, फक्त टेबलाच्या पलीकडून. सात सात वजा करत त्या दोनपर्यंत खाली आल्या आणि "बरोबर आहे ना?" असं मार्कवालीलाच विचारलं. काढायला सांगितलेलं घड्याळ वर्तुळाकार, काटे जागेवर. शब्दांची त्यांनी ऐकतानाच एक गोष्ट गुंफली, वर्गात पोरांना शिकवायच्या तशी. दोन शब्द आठवले नाहीत, तारीख चुकली. तीसपैकी सत्तावीस.

डॉक्टर तरुण होते आणि आपल्याला घाई आहे असं दाखवत नव्हते, पण होती. त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. आजोबांना स्मृतिभ्रंश, मध्यम स्वरूपाचा. बाईंचं या वयाच्या मानाने उत्तमच म्हणायचं.

लेक रडायला लागली आणि त्या वेळी आजोबांना कळलं की आता गप्प बसून भागायचं नाही. वचन गेलं तरी चालेल.

"माझं ऐका," ते म्हणाले. "मी खोटं बोलत होतो. पातेलं, नळ, शेगडी, सगळं बाईंच्या हातून. बाईंना आठवत नाही. मी पांघरूण घालत होतो."

"बाबा," लेक म्हणाली, "आता आईवर ढकलू नका हो."

डॉक्टरांनी मान हलवली. "या दुखण्यात असं होतं," ते तिला म्हणाले. "आपल्याला काही झालंय हे पटतच नाही. बिघाड दुसऱ्यात आहे असं वाटतं."

आजोबांनी बाईंकडे पाहिलं. "बाई, सांगा ना. भांडी पुसत होतो आपण. तुम्ही माझ्याकडून वचन घेतलंत."

बाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. ती दुपारच त्यांच्यापाशी शिल्लक नव्हती. "वय झालंय त्यांचं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "त्यांना रागावू नका. मी आहे ना."

आजोबा काठी घेऊन उठले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय?

पंधरा दिवसांत त्यांना एका वृद्धसेवा केंद्रात हलवलं. आई थकून जाईल, महिनाभर तरी तिला विसावा हवा, असं लेकीचं म्हणणं. तिथला स्मृती विभाग दुसऱ्या टोकाला होता. रांगेने दहा खाटा, भिंतीवर ताटाएवढं घड्याळ, प्रत्येक दाराला वेगळा रंग, आणि बाहेरच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप. शेजारच्या खाटेवरचा निवृत्त टपालवाला दिवसभर उशी कुरवाळत होता. परिचारिका चांगली होती. ती आजोबांशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची. आजोबांना त्याचा राग येत नव्हता. राग आलेला माणूस तिथल्या वहीत "अस्वस्थ" म्हणून जातो, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं होतं.

"बाईंकडे कुणीतरी दिवसभर पाहिजे," ते रोज तिला सांगत. "सकाळी दोन तास कामवाली येते, तेवढ्यावर भागणार नाही."

"हो हो आजोबा, सांगते हं."

वहीत तिने लिहिलं: पत्नीविषयी सारखी चिंता, तेच तेच बोलतात.

घरी लेक रोज संध्याकाळी आईला फोन करायची. "जेवलीस?" "जेवले." "औषध?" "घेतलं." इतकी स्वच्छ उत्तरं की संशयाला जागाच नव्हती. आजोबांनाही दर दोन दिवसांनी सकाळी केंद्राच्या फोनवरून घरी बोलू देत. बाराव्या दिवशी त्यांनी फोन लावला, फोन कानात खुपसून धरला. बाई घाईत होत्या.

"आत्ता वेळ नाही मला," त्या म्हणाल्या. "घंटा झाली. पहिला तास माझा आहे." आणि फोन ठेवला.

आजोबांनी लेकीचा नंबर लावला. ती बैठकीत होती. बाहेर येऊन दबक्या आवाजात बोलली. "बाबा, काल संध्याकाळीच बोलले मी तिच्याशी. छान आहे ती. तुम्ही काळजी करू नका, नाश्ता करा."

आजोबांनी फोन जागेवर ठेवला. खाटेशी गेले, काठी घेतली आणि दाराशी आले. परिचारिकेची बोटं ते बारा दिवस पाहत होते. चार, सात, सात, एक. दार उघडलं. पायात घरातल्या सपाता होत्या, बदलायला परत फिरले असते तर कुणीतरी पाहिलं असतं.

एक बस, मग चौकात बदलून दुसरी. घराचं दार उघडं होतं, गॅस बंद होता, एवढं एक नशीब. बाई नव्हत्या. आजोबा काठी टेकत जुन्या शाळेकडे निघाले. शाळा कधीच दुसरीकडे गेली होती, त्या इमारतीत आता कसलंसं गोदाम होतं आणि पुढचं फाटक बंद. ते वळसा घालून मागे गेले. शिक्षकांच्या खोलीकडे जाणाऱ्या मागच्या पायऱ्या अजून होत्या. तळाशी बाई पडलेल्या होत्या, एक पाय विचित्र वळलेला, पर्स छातीशी.

आजोबा गुडघ्यावर बसले. गुडघे टेकायला त्यांना बराच वेळ लागला.

"बाई."

"आधी वर्ग शांत करा," बाई म्हणाल्या. ओठ कोरडे पडले होते. "केवढा गोंगाट चाललाय."

"करतो," आजोबा म्हणाले. आणि गोदामाच्या दारावर काठी आपटत राहिले, आतून कुणी येईपर्यंत.

लेक रुग्णालयात पोचली तेव्हा तिच्या फोनवर केंद्राचे सात फोन येऊन गेलेले होते, वडील पळाले म्हणून. बाकावर बाप बसलेला, सपाता चिखलाने भरलेल्या. आत आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

"बाबा, तुम्ही इथवर आलात कसे?"

"बसने. चौकात बदलून."

ती त्यांच्या शेजारी बसली. मग तिने विचारलं, "ते पातेलं?"

"बाईंनी."

"आणि नळ?"

"बाईंनीच."

लेकीने तोंडावर दोन्ही हात घेतले. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचा दोष नव्हता असं त्यांना सांगायचं होतं, पण पूर्ण खरं नसलेलं बोलायची त्यांची हौस आता फिटली होती.

चौथ्या दिवशी मार्कवाली आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. लेकीने दवाखान्यात फोन करून जे सुनावलं ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिने बरोबर कानात घालायचं ऐकण्याचं यंत्र आणलं होतं आणि मोठ्या अक्षरांत छापलेले कागद. रुग्णालयाच्या एका रिकाम्या खोलीत, पंखा बंद करून, तिने सावकाश सगळं पुन्हा विचारलं. शब्द या वेळी दुसरे होते. ठोकळा काढायच्या आधी तिने सांगितलं, "कारखान्यातला नको, पोराटोरांचा काढा." सव्वीस झाले.

"मागच्या वेळी तुम्ही बिडीच म्हणालात का?" आजोबांनी विचारलं.

"नाही. शिडी."

"मला बिडी ऐकू आलं. आणि सातच्या जागी साठ."

मार्कवालीने डोळे मिटले. मागची उत्तरं तिने घरी बसून पुन्हा तपासली होती, चाळीस कुठून आले ते तिला तेव्हाच उमगलं होतं.

"आमच्या कारखान्यात एक वेगळी पट्टी असायची," आजोबा म्हणाले. "लोखंड निवताना आकसतं ना, म्हणून ती पट्टी मुळातच लांब. नवीन पोरं साध्या पट्टीने मापं घ्यायची, वस्तू लहान यायची, आणि शिव्या लोखंडाला. तुमच्याकडे नव्वदीच्या माणसांची पट्टी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "आम्ही वापरतो ती साठी-सत्तरीच्या माणसांवर ठरवलेली. नव्वदीत कान जातात, डोळे जातात, हात संथ होतो. ते सगळं विसरण्याच्या खात्यात जमा होतं. आणि बाईंसारखी माणसं, जन्मभर परीक्षा घेतलेली, ती आतून पोखरली तरी कागदावर उभी राहतात."

"म्हणजे दोघांनाही पट्टी चुकली."

"हो."

"मग चाचणी घेता कशाला?"

"दहा मिनिटांत होते म्हणून," ती म्हणाली. आणि कागद गोळा करता करता, "पुढच्या तपासण्या करायच्या असतात. निदान घरच्या माणसाचं म्हणणं तरी ऐकायचं असतं. तुम्ही तर सांगत होतात."

आजोबांनी तिला माफ केलं किंवा नाही केलं, असं काही झालं नाही. त्यांनी तिला यंत्र परत दिलं. ती म्हणाली, राहू द्या.

खुब्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बाईंचं जे थोडं उरलं होतं तेही भराभर ओसरलं, जणू बांध फुटायचाच बाकी होता. घरी सांभाळणं दोघांच्याही आवाक्यात नव्हतं. आजोबांना तसंही केंद्रातून घरी सोडलं होतं, त्यांना आता दुखणं नव्हतं. त्यांच्या जागी स्मृती विभागात बाईंना जागा मिळाली, खिडकीजवळची. जिथे नेऊन ठेवू नका म्हणाल्या होत्या तिथेच. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. लेकीनेही आग्रह केला नाही.

रोज सकाळी ते बसने दहा वाजता तिथे जात. पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मिस्त्री का तुम्ही?"

आजोबांनी क्षणभर पाहिलं. "हो."

"मग ही खिडकी बघा. लागत नाही नीट. कधीची सांगतेय, कुणी मनावर घेत नाही."

खिडकीची कडी खरंच सैल होती. दुसऱ्या दिवशी आजोबा पेचकस आणि कानस घेऊन आले. परिचारिका आता त्यांच्याशी मोठ्या माणसासारखी बोलायची आणि तिला त्यांच्याकडे बघायला अवघड व्हायचं. तिने हत्यारांना हरकत घेतली नाही. आजोबा कडी घासत बसले, बाई खाटेवरून देखरेख करत होत्या.

"आमच्या ह्यांना पण येतं हे काम," त्या म्हणाल्या. "फार सफाईदार हात होता. आता विसरतात हो. पातेलं ठेवतात, विसरतात. मी कुणाला सांगत नाही. मी म्हणते, माझ्याच हातून झालं."

आजोबांचा हात थांबला. त्यांनी कानस उलटी करून तिची धूळ फुंकली.

"का सांगत नाही?" त्यांनी विचारलं.

"लोक हसतील ना त्यांना." बाई जरा पुढे झुकल्या. "तुम्हीही बोलू नका कुठे."

"नाही बोलत, बाई."

बाई पुढे सात महिने होत्या. खिडकी चार दिवसांत दुरुस्त झाली. मग आजोबांनी कपाटाचं दार बसवलं, डुगडुगणाऱ्या टेबलाखाली पाचर मारली, खुर्चीचा हात घट्ट केला, शेजारच्या टपालवाल्याच्या खणाचीही मूठ बदलून दिली. काम नसताना आलेला मिस्त्री बाईंना चालत नसे. "काही नसेल तर उगाच कशाला थांबलात?" असं त्या स्पष्ट विचारत आणि तोंड भिंतीकडे फिरवत. म्हणून काम संपत आल्यापासून आजोबा एक करू लागले. दुपारी निघताना, बाईंचा डोळा लागला की, ते खिडकीच्या कडीचा एखादा स्क्रू अर्धा फेरा सैल करून ठेवत.